चाकणचा तांबेरा

चौतीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांचे पीस रिजेक्ट केले, तो एक दिवस गल्लीत पेढे वाटत फिरायला लागला तर लोक बावचळणारच. पिंपरीत नेहरूनगरच्या त्या गल्लीत बुद्धरत्न ओव्हाळांना मोकळं हसताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या गिरजाबाईंनी तर पेढा हातात घेऊन आधी विचारलं, "काय ओ, पेन्शन वाढली का?"

"पेन्शन नाही. पोरगीनं नवी बुरशी शोधली."

गिरजाबाईंनी पेढा तोंडात टाकला, नीट चावला आणि म्हणाल्या, "बुरशी शोधायला एवढं शिकायचं कशाला? आमच्या मोरीत या म्हणावं. हिरवी, काळी, पांढरी, पाहिजे ती हाय."

एरवी ओव्हाळ तिथल्या तिथं फटकून बोलले असते. त्या दिवशी हसले आणि गिरजाबाईंना आणखी एक पेढा दिला. माणूस खूश असला की असा फुकट जातो.

आता ओव्हाळांचं काम काय होतं ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. ते पिंपरीतल्या एका गाड्यांच्या कंपनीत गेज रूमला होते. कंपनीत पार्ट बनतात, पार्ट बरोबर आहेत का ते गेज लावून मोजतात. पण गेजच खोटं बोलायला लागलं तर? म्हणून मापाची साधनं तपासायची एक वेगळी खोली असते, बारा महिने थंड, धूळ नाही, आवाज नाही. तिथं बसून ओव्हाळ अख्ख्या कंपनीची मापं तपासायचे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन; डोक्याचा एक केस सत्तर मायक्रॉनचा. ओव्हाळांचा संसार दोन-चार मायक्रॉनवर चालायचा. मॅनेजर गयावया करो, युनियनचा पुढारी दमदाटी करो, गेज चुकीचं म्हणजे चुकीचं. सयाजी पवार नावाचे त्यांचे एक मित्र मशीन शॉपला होते, त्यांचं गेज चुकीचं निघालं म्हणून त्यावर मोजलेले सहाशे बुश, म्हणजे गाडीत बसणाऱ्या धातूच्या नळ्या, यांनी एका फटक्यात भंगारात घालवले होते. दोघं तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आणि त्यांची मुलगी मैत्री. हिनं वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केली आणि तळेगाव दाभाड्याजवळच्या एका संशोधन केंद्रात पीएचडीला लागली. झाडांना रोग लावणाऱ्या बुरशा ओळखायच्या, कुठली कुठल्या घराण्यातली, कुठल्या प्रजातीची, ते ठरवायचं, हे तिचं काम. डॉक्टर होणार म्हटल्यावर नातेवाईक गुडघेदुखी घेऊन यायचे आणि ही त्यांना सांगायची, मावशी, मी पानांची. तिचा सगळा जीव तांबेऱ्यावर. गव्हावर पडतो, उसावर पडतो, तो तांबेरा शेतकऱ्याला ठाऊक असतो. पानाच्या पाठीला विटकरी पुटकुळ्या येतात, बोट फिरवलं की तांबूस पूड लागते. पण ही पूड सगळीकडं एकच नसते. हिचा एकेक कण म्हणजे बीजाणू, आणि तो किती लांब, किती रुंद, अंगावर काटे किती दाट, यावरून मैत्री सांगायची की हा अमुक आणि हा तमुक. रोग कुठला तेच कळलं नाही तर औषध काय कपाळाचं मारणार, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे.

दीड वर्षापूर्वी ती चाकणला एका मैत्रिणीला भेटायला गेली होती. कंपन्यांच्या भिंती संपतात आणि डोंगराचा चढ लागतो तिथं तिनं गाडी थांबवली, कारण समोर मुरुडशेंगेचं झुडूप होतं. तान्ह्या बाळाला पोटदुखीला उगाळून देतात ती मुरुडशेंग. दुसरी बाई शेंगा तोडून पुढं गेली असती. हिनं पानं उलटून पाहिली. पाठीमागं तांबेरा होता, आणि तो तिला ओळखीचा वाटेना.

मुरुडशेंगेवर तांबेऱ्याची एक प्रजाती आधी नोंदलेली होती, इंग्रज सरकारच्या काळात कोकणात कुणा साहेबानं शोधलेली. तिचं माप पुस्तकात दिलेलं होतं, बीजाणू बावीस ते सव्वीस मायक्रॉन. मैत्रीनं शंभर बीजाणू मोजले. साडेसत्तावीस ते साडेबत्तीस. म्हणजे त्या साहेबाचा सगळ्यात मोठा बीजाणूसुद्धा हिच्या सगळ्यात छोट्यापेक्षा लहान. साहेबाचा मूळ नमुना दुसऱ्या शहरातल्या संग्रहात, तो मागवता आला नाही. त्याच्या शंभर वर्षांच्या वाळल्या पानातून डीएनए निघण्याची आशा नव्हती. सगळी भिस्त मापावर. तिचे मार्गदर्शक डॉक्टर अण्णासाहेब शितोळे, त्यांनी पुन्हा पुन्हा आकडे पाहिले आणि म्हणाले, वेगळी प्रजाती आहे, लिही. तिनं लिहिलं. नाव ठेवलं चाकणेन्सिस. जानेवारीत नियतकालिकाकडून कळलं, निबंध स्वीकारला, पुढच्या महिन्यात छापून येईल.

यात ओव्हाळांनी पेढे वाटण्यासारखं काय होतं, ते त्यांनी फक्त बायकोला, सुमनताईंना सांगितलं.

"अगं, नियम असा आहे. नवी प्रजाती जो पहिल्यांदा छापतो त्याचं आडनाव तिच्या नावापुढं लागतं. कायमचं. जपानमधल्या माणसाला लिहायचं झालं तरी त्याला चाकणेन्सिसपुढं ओव्हाळ लिहावंच लागणार. सुटका नाही त्याची."

आडनाव विचारून माणसाला कुठं बसवायचं ते ठरवणारे लोक त्यांनी गावाकडं लहानपणी पाहिले होते. कंपनीत लागले तेव्हाही पहिल्याच आठवड्यात एकानं डबा उघडता उघडता विचारलं होतं, "ओव्हाळ म्हणजे नेमके कोण?" आणि उत्तर ऐकून डबा जरा पलीकडं सरकवला होता. तो माणूस पुढं चांगला वागला, पण सरकलेला डबा ओव्हाळ विसरले नव्हते. आता तेच आडनाव जगातल्या शहाण्या लोकांना झक मारत लिहावं लागणार होतं. बापाला आणखी काय पाहिजे?

बातमी गणराजच्या कानावर गेली. गणराज म्हणजे वॉर्डातला उगवता नेता. उगवून दहा वर्षं झाली, अजून वर आलेला नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लावला. "नेहरूनगरची कन्या कु. मैत्री बुद्धरत्न ओव्हाळ यांनी बुरशीच्या नव्या प्रजातीचा जागतिक शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." मैत्रीचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, गणराजचा हात जोडलेला फोटो दरवाजाएवढा. मैत्री लाजेनं मेली. म्हणाली, "पप्पा, अजून छापून यायचंय." ओव्हाळ म्हणाले, "येईल की." आणि दूध आणायला रोज त्याच चौकातून जायला लागले. दूध घराखालीही मिळत होतं.

मग त्यांना वाटलं, ज्याच्यासाठी एवढं चाललंय तो तांबेरा एकदा डोळ्यांनी बघावा. शनिवारी मैत्रीबरोबर लोकलनं तळेगावला गेले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सुमनताईंनी सरांसाठी शेंगदाण्याचे लाडू दिले होते. शितोळे सरांनी त्यांना स्वतः हात धरून आत नेलं, खुर्ची दिली, म्हणाले, "ओव्हाळसाहेब, मुलगी नाही, हिरा आहे." साहेब ऐकून ओव्हाळांची छाती इंचभर फुगली. मायक्रॉनमध्ये किती ते त्यांनाच विचारा.

मैत्रीनं काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "बघा पप्पा."

त्यांनी डोळा लावला. तांबूस, गोलसर, अंगावर बारीक काटे असलेले बीजाणू. आणि त्यांच्यावरून आडवी गेलेली एक पट्टी, तिच्यावर घरं आखलेली. भिंगातली ही पट्टी पाहिली आणि ओव्हाळ तांबेरा विसरले. जुना घोडा वाजंत्री ऐकून उभा राहावा तशातली गत. त्यांनी एक बीजाणू पट्टीला लावला आणि घरं मोजली. बारा.

"एक घर केवढ्याचं?"

"अडीच मायक्रॉनचं. तीस झाला हा." मैत्रीनं भिंतीकडं बोट केलं. तिथं प्लास्टिकमध्ये घातलेला एक तक्ता होता, सरांच्या सुंदर अक्षरात. कुठलं भिंग लावलं तर एक घर किती मायक्रॉनचं. खाली तारीख होती, चौदा वर्षांपूर्वीची.

ओव्हाळांनी सूक्ष्मदर्शकाच्या पाठीमागं, बुडाशी, बाजूला बघितलं. त्यांच्या खोलीत प्रत्येक साधनावर चिठ्ठी असायची, कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. इथं चिठ्ठी नव्हती. कंपनीचा बिल्ला होता, त्यावर सालही होतं.

"हे यंत्र कधीचं आहे?"

"नवीन आहे पप्पा. दोन वर्षं झाली येऊन."

"आणि तक्ता जुन्या यंत्राचा?"

बस, एवढंच विचारलं हो त्यांनी. सवयीनं विचारलं. चहा आला का असं विचारावं तसं. मैत्रीनं मान वळवून तक्त्याखालची तारीख पाहिली. शेजारच्या टेबलावर वर्षाली म्हणून तिची सहकारी काम करत होती, तिनंही मान वर केली. सर म्हणाले, "भिंगं तेवढ्याच ताकदीची आहेत ओव्हाळसाहेब, चाळीसपट म्हणजे चाळीसपट. त्यात काय बदलणार?"

मैत्री उठली. तिनं कपाटाचं कुलूप काढलं आणि मखमलीच्या डबीतून एक काचपट्टी आणली. तिच्यावर एक मिलिमीटर शंभर घरांत आखलेला असतो, प्रत्येक घर बरोब्बर दहा मायक्रॉनचं. ही खरी पट्टी. हिच्यावर भिंगातली पट्टी टाकायची आणि जुळवून बघायचं, की तिचं एक घर खरं किती. नवीन यंत्र आलं की हे पहिल्यांदा करायचं असतं. पण केंद्रात रीतच अशी पडली होती की सरांचा तक्ता म्हणजे सरांचा तक्ता, तो ओलांडून मोजायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आदर असा नडतो कधीकधी.

भिंगातली चाळीस घरं. तक्ता खरा असता तर ती खालच्या दहा घरांवर बसली असती. मैत्रीनं डोळा लावला, स्क्रू फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला. मग बापाला म्हणाली, "तुम्ही बघा."

ओव्हाळांनी पाहिलं. आठ.

नव्या यंत्राच्या नळीत आणखी एक भिंग बसवलेलं होतं, ते प्रतिमा थोडी मोठी करत होतं. एक घर दोन मायक्रॉनचं होतं, अडीचचं नाही. बारा घरं म्हणजे चोवीस. मैत्रीनं वहीच्या कोपऱ्यात हिशेब केला, अकरा ते तेरा घरं, बावीस ते सव्वीस मायक्रॉन. तोच साहेबाचा आकडा, शंभर वर्षांपूर्वीचा, काडीचाही फरक नाही. काट्यांमधलं अंतरही त्याच पट्टीनं मोजलेलं होतं, तेही गेलं.

चाकणेन्सिस नावाचं जगात काहीच नव्हतं.

सर उठून खिडकीपाशी गेले. वर्षालीनं आपली वही मिटली. तिच्या दीड वर्षाच्या मोजण्या त्याच तक्त्यावर होत्या. लाडवाचा डबा टेबलावर तसाच पडून राहिला. ओव्हाळांना वाटलं, जीभ का नाही झडली आपली. आयुष्यभर लोकांची मापं काढली, ती खोड नेमकी पोरीच्या मुळावर आली.

तळेगाव स्टेशनवर लोकलला अजून वीस मिनिटं होती. दोघं बाकावर बसले. मैत्री रडत नव्हती, तेच ओव्हाळांना सहन होईना. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, घसा साफ केला आणि आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले.

"राहू दे ना, मैत्री."

"काय राहू दे?"

"छापून येऊ दे. कोण बघायला बसलंय? त्या साहेबाचा नमुना तिकडं कपाटात, तुझा इकडं. पन्नास वर्षं कुणी काढायचं नाही."

मैत्रीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ओव्हाळांची नजर रुळांवर गेली.

"पप्पा, हे गेज रूमचा माणूस बोलतोय?"

"गेज रूमचा माणूस रिटायर झाला. बाप बोलतोय."

"मग त्या बापाला सांगा, पीस लेकीचा असला तरी पीसच असतो."

ओव्हाळांनी खिशातलं तिकीट काढून उगीच वाचलं.

"आणि मी तुमचं आडनाव लावणार होते ना त्याच्यापुढं," ती म्हणाली, "खोट्या मापाला ओव्हाळ लावू? तुम्ही सांगा. लावा म्हणालात तर लावते."

लोकल आली, दोघं चढले. देहूरोड गेलं, आकुर्डी गेलं, चिंचवड गेलं, ओव्हाळ खिडकीबाहेर बघत होते. आधी त्यांना स्वतःची लाज वाटली. चौतीस वर्षं ज्या शब्दांसाठी त्यांनी दुसऱ्यांना फैलावर घेतलं तेच शब्द त्यांच्या तोंडून निघाले होते, कोण बघायला बसलंय. मग हळूहळू दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. एवढी मोठी गोष्ट हातातून गेली आणि ही पोर डगमगली नाही. मी डगमगलो, ही नाही. पिंपरी येईतो त्यांना इतका अभिमान वाटायला लागला की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला. मैत्रीला वाटलं पप्पांना दुःख झालंय. त्यांनी तसंच वाटू दिलं, आत्ता कुठं समजावत बसा.

सोमवारी केंद्रात व्हायचं ते झालं. संध्याकाळी मैत्रीनं घरी सांगितलं. सर म्हणाले होते, "निबंध येऊ दे छापून. पुढं कुणीतरी दुरुस्त करेल. शास्त्र असंच पुढं जातं." माणूस वाईट नव्हता, पण चौदा वर्षं भिंतीवर आपलं अक्षर बघायची सवय झालेली, ते खाली उतरवायचं म्हणजे अंगावरचं कातडं काढल्यासारखं. मैत्रीनं त्यांना शांतपणे सांगितलं, "सर, पुढचं कुणीतरी म्हणजे मीच. पट्टी माझ्याच हातात आहे." आणि निबंध मागं घेत असल्याचं पत्र सरांना दाखवून मगच धाडलं. कारण काय तेही लिहिलं, गोलमाल न करता. माप चुकलं, साधन तपासलं नव्हतं, चूक माझी. सरांचं नाव त्यात घातलं नाही. वर्षाली चार दिवस तिच्याशी बोलली नाही.

"तुझी पीएचडी?" सुमनताईंनी विचारलं.

"एक वर्ष वाढेल. सगळं पुन्हा मोजायचं."

"मग मोज," सुमनताई म्हणाल्या आणि ताटं घेतली. त्या घरात मोठ्या गोष्टी अशाच ठरायच्या.

राहिला फ्लेक्स. ओव्हाळ गणराजकडं गेले आणि म्हणाले, "भाऊ, तो उतरव."

गणराज घाबरला. "काका, कुणी काही बोललं का?"

"नाही. नवी प्रजाती नाही ती. जुनीच निघाली."

"हात्तिच्या. मग राहू द्या की. लोकांना काय कळतंय? चार दिवसांत माझा वाढदिवस आहे, त्याच्यावर दुसरा चढेल. आपोआप झाकलं जाईल."

"झाकायचं नाही, उतरवायचं."

"काका, पोरीची बदनामी होईल हो."

"बदनामी?" ओव्हाळ खुर्चीवरून उठले. "अरे, माझ्या पोरीनं स्वतःचा पीस स्वतः रिजेक्ट केला. तुझ्या अख्ख्या वॉर्डात असा एक माणूस दाखव, मी तुझा फ्लेक्स डोक्यावर घेऊन फिरतो."

गणराजला काही समजलं नाही, पण काकांचा आवाज समजला. फ्लेक्स उतरला. ओव्हाळ स्वतः खाली उभं राहून दोरी सोडायला लागले.

मग ज्या ज्या घरी पेढा दिला होता त्या त्या घरी ते गेले. सोपं नव्हतं ते. प्रत्येक दारात आधी तोच प्रश्न, मग तेच उत्तर. गिरजाबाई म्हणाल्या, "अगं बाई, मग पेढे वाया गेले की." ओव्हाळ म्हणाले, "नाही गेले. आता वाटायला पाहिजे होते, मी जरा घाई केली." लोक मान डोलवायचे आणि दार लावल्यावर बहुतेक हसायचे. एकानं तोंडावरच म्हटलं, एवढं शिकून शेवटी मोजता येईना. ओव्हाळांनी ते ऐकून घेतलं. त्याला समजवायचं तर आधी त्याला मायक्रॉन शिकवावा लागला असता.

पण संध्याकाळी बागेत रिटायर मंडळी बसतात, तिथं सयाजी पवार होते. ओव्हाळांनी सगळं सांगितलं, चाळीस घरं, दहा नाही, आठ. तळेगावच्या बाकावर आपण काय बोललो तेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण सयाजींपुढं लपवणं बरं दिसेना.

"सहाशे बुश," सयाजी म्हणाले. "तवा वाटलं व्हतं, तुझा खून करावा."

"ठाऊक आहे."

"त्यातला येक जरी गाडीत बसला असता तर? ते ध्यानात यायला मला तीन वर्सं लागली." त्यांनी ओव्हाळांच्या मांडीवर थाप मारली. "आन् तुझी पोरगी पंचवीस-सव्वीसची. येका दिसात. भावा, तुझ्यापेक्षा भारी निघाली रं."

त्या रात्री ओव्हाळ दोन भाकरी जास्त जेवले.

महिन्याभरानं शितोळे सरांचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग हवापाणी, मग म्हणाले, "ओव्हाळसाहेब, एक दिवस सवड होईल का? आमच्याकडं पाच सूक्ष्मदर्शकं आहेत. मुलांना नीट शिकवायचं आहे, साधन कसं तपासतात ते. मलाही शिकायचं आहे." शेवटचं वाक्य त्यांनी जरा भरभर म्हटलं. ओव्हाळ गेले. सकाळपासून पाचही यंत्रांची सगळी भिंगं तपासली, प्रत्येकाचा वेगळा तक्ता केला, नोंदवही घातली. भिंतीवर जुन्या तक्त्याची जागा मोकळी होती, तिथला रंग जरा उजळ दिसत होता. सर वहीत उतरवून घेत होते, मध्ये म्हणाले, "तुम्ही आमच्या दोन वर्षांच्या कामाला चूड लावलीत, वर चहाही मागताय."

"साखर कमी," ओव्हाळ म्हणाले, आणि वर्षालीसुद्धा हसली.

संध्याकाळी मैत्री त्यांना संग्रहाच्या खोलीत घेऊन गेली. लोखंडी कपाटं, कपाटात खण, खणात कागदाची घडी घातलेली पाकिटं. प्रत्येकात एक रोगट पान. तिनं एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. चाकणची मुरुडशेंग.

पाकिटावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. नवी प्रजाती, चाकणेन्सिस, मैत्री ओव्हाळ, आणि दीड वर्षापूर्वीची तारीख. तिच्या खाली दुसरी चिठ्ठी होती, ताजी. तिच्यावर त्या साहेबाच्या प्रजातीचं नाव, त्यापुढं साहेबाचं आडनाव, आणि खालच्या ओळीत, ओळख पटवली: मैत्री ओव्हाळ.

"वरची काढून का नाही टाकलीस?" ओव्हाळांनी विचारलं.

"संग्रहात चिठ्ठी काढत नाहीत, पप्पा. कुणाचीच. चुकली असली तरी तशीच ठेवायची आणि खाली नवी लावायची. पुढं जो बघेल त्याला सगळं दिसलं पाहिजे."

"किती दिवस राहतं हे?"

"साहेबाचं पाकीट शंभर वर्षांचं आहे. हेही राहील."

ओव्हाळांनी चष्मा पुसला आणि दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, वरून खाली. शंभर वर्षांनी कुणीतरी, जपानचा असो नाहीतर तळेगावचा, हे पाकीट उघडणार होता. त्याला कळणार होतं की एका ओव्हाळनं चूक केली आणि ती चूक त्याच ओव्हाळनं सही करून मान्य केली. साहेबाच्या पाकिटावर, त्याचा फोटो पाहिलेल्या मैत्रीनं सांगितलं, एकच चिठ्ठी आहे.

"मी खाली तुमचं नाव घालणार होते," ती म्हणाली. "प्रश्न तुम्ही विचारलात ना."

"प्रश्न मी विचारला," ओव्हाळ म्हणाले, "पण नंतर दाबून टाक म्हणणाराही मीच होतो. हे दुसरं पाकिटावर नाही ते बरं आहे. माझं नको. तुझं आहे ना, दोनदा आहे."